हॉटेलातली तक्रार: दुसऱ्या घासाला, कॅप्टनकडे

अन्नाला नावं ठेवू नयेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. घरी ते बरोबरच आहे. पण तीच सवय हॉटेलात नेली की माणूस आंबूस लागणारी डाळ निमूट संपवतो, बिल भरतो आणि जिना उतरताना बरोबरच्यांना सांगतो, "डाळ काही बरोबर नव्हती." तोवर त्याच पातेल्यातली डाळ आणखी दहा टेबलांवर वाढून झालेली असते. याच्या उलटही होतं. ताट चाटूनपुसून रिकामं होतं आणि बिल आल्यावर म्हणतात, "पनीर चामट होतं, याचे पैसे लावू नका." पहिल्याची तक्रार खरी असून वाया गेली. दुसऱ्याची खरी असली तरी आता ती कोणी तपासू शकत नाही.

तक्रारीची वेळ म्हणजे पहिले दोन-तीन घास. हा शिष्टाचाराचा भाग नाही, हॉटेलचा व्यवहारच तसा चालतो. ऑर्डर घेतली की तिची केओटी निघते, म्हणजे किचनला जाणारी चिठ्ठी. एक प्रत किचनमध्ये लागते, दुसरी गल्ल्यावर किंवा संगणकात राहते. डिश परत गेली तर कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा प्रमुख, ती केओटी रद्द करतो, नाहीतर नव्या डिशची केओटी 'एनसी', म्हणजे बिनपैशाची, म्हणून काढतो. कारण लिहितो, सही करतो. परत आलेलं ताट किचनमध्ये कोणीतरी चाखून बघतं. जवळजवळ भरलेलं ताट परत आलं की खारट आहे की आंबलंय हे एका चमच्यात कळतं आणि वाद संपतो. पाव ताट उरलेलं असेल तर किचनचं पहिलं उत्तर ठरलेलं: "मग एवढं खाल्लं कसं?"

बिल छापल्यावर गाडी आणखी अडते. बहुतेक हॉटेलांच्या बिलिंगमध्ये छापलेलं बिल बदलायला मॅनेजरचा पासवर्ड लागतो आणि अशा बदललेल्या बिलांची यादी मालक रात्री बघतो, कारण गल्ल्यावरच्या चोऱ्याही याच वाटेने होतात. म्हणून तुमचं म्हणणं पटत असूनही गल्ल्यावरचा माणूस हात आखडता घेतो. पैसे भरल्यानंतर तर परतावा हा वेगळाच व्यवहार होऊन बसतो. तेव्हा बिल मागवण्याआधी बोला.

बोलायचं कोणाशी, हेही ठरलेलं आहे. वेटरला डिश रद्द करायचा अधिकार नसतो. तो फक्त निरोप नेतो आणि किचनमधली बोलणीही तोच खातो. काही ठिकाणी चुकलेल्या ऑर्डरचे पैसे वेटरच्या पगारातून कापतात. ही पद्धत वाईट आहे. तशी शंका आली तर मॅनेजरला स्पष्ट सांगा, की चूक किचनची आहे, याचे पैसे यांच्याकडून घेऊ नका. वेटरला नुसतं म्हणा, "दादा, कॅप्टनना जरा बोलवता?" कॅप्टन नसेल अशा लहान हॉटेलात थेट गल्ल्यावर जा. तिथे बहुधा मालक किंवा त्यांच्या घरचंच कोणी बसलेलं असतं आणि निर्णय जागच्या जागी होतो.

मग काय बिघडलंय आणि काय हवंय, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगा. "हे काही बरोबर नाही" यावर कॅप्टन काहीच करू शकत नाही. "ही डाळ आंबूस लागते आहे, चाखून बघा. बदलून नको, बिलातून काढा आणि त्याऐवजी जिरा आलू द्या" यावर तो अर्ध्या मिनिटात हलतो. इथे 'बदलून नको' हे महत्त्वाचं आहे. डाळ, सांबार, चटणी, बिर्याणी या गोष्टी एकाच मोठ्या भांड्यातून वाढल्या जातात. भांडंच बिघडलं असेल तर दुसरी वाटीही तीच येणार. बदलून घ्यायचं ते ताज्या हाताने बनणारं: रोटी, डोसा, तवा फ्राय, नूडल्स. भांड्यातलं बिघडलं असेल तर दुसरा पदार्थ घ्या.

रास्त काय आणि अवाजवी काय

हे ठरवायला किचन कसं चालतं ते थोडं माहीत हवं. पंजाबी जेवण देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत सकाळीच तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवतात: कांदा-टोमॅटोची, काजू-मगजाची पांढरी, टोमॅटो-लोण्याची मखनी. ऑर्डर आली की तव्यावर फोडणी, त्यात ग्रेव्ही, वर पनीर किंवा कोंबडी आणि त्या-त्या डिशचा मसाला. म्हणूनच कढाई पनीर पाच-सात मिनिटांत तयार होतं. दोन भाज्यांची चव सारखीच लागली तर त्याचं कारणही हेच. त्याबद्दल नाराजी जरूर असावी, पण ती परत पाठवण्याजोगी चूक नव्हे. पुढच्या वेळी एक लाल आणि एक पांढरी ग्रेव्ही मागवा.

"तिखट कमी करा" ही विनंतीही याच कारणाने अर्धीच पाळली जाते. कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत तिखट आधीच पडलेलं असतं. आचारी वरची मिरची टाळेल, साय किंवा काजूची पेस्ट वाढवेल, त्याहून जास्त त्याच्या हातात नसतं. लहान मुलांसाठी मागवताना "कमी तिखट" म्हणण्यापेक्षा पांढऱ्या किंवा मखनी ग्रेव्हीतलं मागवा. 'कोल्हापुरी' नावाचं मागवून तिखट लागलं म्हणून परत पाठवणं रास्त नाही. न विचारता 'मध्यम तिखट' म्हणून आणून दिलं आणि ते जाळ निघालं, तर मात्र रास्त आहे.

जैन जेवणाचं तसंच. कांदा-लसूण असलेली ग्रेव्ही तयारच असते, तेव्हा ती वापरायची नाही म्हणजे टोमॅटो-काजूची वेगळी ग्रेव्ही लागते. ती करून ठेवणारं हॉटेल "जैन आहे" असं ठामपणे सांगतं. "करून देऊ" असं चाचरत उत्तर आलं तर विचारा, "ग्रेव्ही वेगळी आहे का?" शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही देणाऱ्या हॉटेलात तळणीची कढई आणि तंदूर सामायिक आहेत का, हा प्रश्न ऑर्डरच्या आधी विचारायचा. उपवासालाही हेच: साबुदाणा वडा ज्या तेलात तळला त्याच तेलात बटाटेवडा तळलेला असण्याची शक्यता बरीच असते.

ॲलर्जी ही पसंतीपेक्षा वेगळी गोष्ट, आणि ती त्याच शब्दांत सांगितली पाहिजे. "शेंगदाणे नकोत" याचा अर्थ किचनमध्ये "आवडत नाहीत" असा होतो. "शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागेल" असं म्हटलं की कॅप्टन स्वतः आत जाऊन विचारतो. आपल्याकडे कूट कुठे असेल सांगता येत नाही: भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, उपवासाच्या पदार्थांत, शिवाय काही ठिकाणी तळण्याचं तेलच शेंगदाण्याचं असतं. काजू तर पांढऱ्या ग्रेव्हीचा पायाच आहे. किचनने "खात्री देता येत नाही" असं सांगितलं तर ते टाळाटाळ करत नाहीत, खरं बोलत आहेत असं समजा आणि तिथे ती डिश घेऊ नका. केंद्रीय अन्न परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मात्र मेनूवर उष्मांक दाखवणं आणि ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. तिथे ती हक्काने मागा.

थाळीचे नियम बहुतेक वेळा वाजवी असतात. अमर्यादित थाळी एकाने खायची, दोघांत वाटायची नाही, उरलेलं बांधून न्यायचं नाही. एका माणसाच्या पोटाचा अंदाज धरून थाळीचा दर लावलेला असतो. मर्यादित थाळीत मात्र कशाचे वेगळे पैसे पडतात ते बसतानाच विचारा. मिसळीबरोबर रस्सा पुन्हा मागणं बहुतेक ठिकाणी चालतं, जादा पावाचे पैसे लागतात. मासळीच्या मेनूवर 'आकारानुसार दर' असं लिहिलं असेल तर पापलेट बघून, दर विचारून मगच हो म्हणा. तळून आल्यावर त्या दराची तक्रार टिकत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुरमई-पापलेट बर्फातलं असण्याची शक्यता जास्त, तेव्हा "ताजं आहे का" या प्रश्नाऐवजी "आज बाजारातून काय आलंय" असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

उशीर

इडली-वडा पाच मिनिटांत यावा. डोसा दहा, पंजाबी भाजी पंधरा ते वीस, तंदुरी स्टार्टर वीस ते पंचवीस, ताजी तळलेली मासळी पंधरा. हे साध्या दिवसाचे आकडे. रविवारी दुपारी एक ते तीन आणि रात्री साडेआठ ते दहा या वेळांत दीडपट धरा. चौघांनी चार प्रकारचं मागवलं की चार पानं एकदम येत नाहीत, कारण तंदूर, चायनीज, डोशाचा तवा आणि भाजी हे वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येकाची रांग वेगळी. एकत्र हवं असेल तर ऑर्डर देतानाच "सगळं एकदम आणा" म्हणा. पण मग सगळ्यांत सावकाश डिश जेवढा वेळ घेईल तेवढं थांबायची तयारी ठेवा.

अर्धा तास उलटला तर "किती वेळ?" विचारू नका. "पाच मिनिटं" हेच उत्तर येणार. "केओटी लागली आहे का, बघून सांगता?" असं विचारा. फार उशिराचं एक नेहमीचं कारण म्हणजे चिठ्ठी किचनपर्यंत पोचलेलीच नसते, किंवा शेजारच्या टेबलावर उतरलेली असते. चिठ्ठी लागली नसेल तर ती डिश रद्द करून उठण्यात काहीच गैर नाही. लागली असेल आणि भाजी तव्यावर असेल, तर रद्द करण्याआधी आत एकदा विचारू द्या.

बिघाड ओळखायचा कसा

गार झालेलं जेवण हा सर्वात साधा बिघाड. भाजी वेळेवर तयार होते, रोट्या तंदूरात अडकतात आणि भाजी खिडकीपाशी वाट बघत निवते. भाजी गरम करून आणायला सांगा, ती तव्यावर पुन्हा चढते आणि नुकसान होत नाही. रोटी मात्र गरम करून घेऊ नका, चिवट होते. नवीच मागा.

खारटपणा बहुधा दोनदा मीठ पडल्याने होतो: ग्रेव्हीत एकदा आणि तव्यावर पुन्हा. त्यात साय घालून आणलेली भाजी गुळचट-खारट लागते. नवी करून द्यायला सांगा. बिर्याणी खारट असेल तर ती सुधारतच नाही, कारण मीठ भाताच्या उकळीतच मुरलेलं असतं.

तंदुरी कोंबडीत हाडाजवळ गुलाबी-लाल दिसलं की लोक कच्ची म्हणून परत पाठवतात. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर झिरपून मांस शिजलं तरी तसं दिसू शकतं. रंग सोडा, तीन गोष्टी बघा: मांस हाडापासून सहज सुटतंय का, आतून पांढरं-अपारदर्शक आहे का, दाबल्यावर येणारा रस स्वच्छ आहे का. तंतू चकचकीत, रबरासारखे आणि हाडाला चिकटून असतील तर ती कच्चीच. एक तुकडा तोडून कॅप्टनला दाखवा, सांगायची गरज पडत नाही.

तेल खवट असेल तर आधी नाकाला कळतं, मग घशात खवखव होते. परत-परत तापवलेल्या तेलात ध्रुवीय घटक, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारी द्रव्यं, वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायला कायद्याने मनाई आहे. ही चवीची नव्हे, नियमाची तक्रार आहे, तेव्हा संकोच करू नका.

ओल्या खोबऱ्याची चटणी आणि सांबार उन्हाळ्यात दुपारनंतर जपून खा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ५ च्या खाली राहायला हवा. मधल्या तापमानात जिवाणू भराभर वाढतात. चटणीला फेस, तार किंवा आंबूस वास आला की जिभेवर ठेवूच नका.

ताटात काही सापडलं तर त्यातही फरक करा. माशाचा काटा, तमालपत्र, वेलदोडा हे पदार्थाचे भाग. केस, किडा, कढीपत्त्याच्या जुडीची स्टेपल पिन, तारेच्या घासणीचा तुकडा हे नव्हेत. तारेचा तुकडा सगळ्यात वाईट, कारण तो दिसत नाही आणि घशात रुततो. असं काही निघालं की ताट हलवू देऊ नका. आधी ताटासकट फोटो काढा, ज्यात टेबल आणि बाकीचं जेवण दिसेल, मग जवळून एक. मगच कॅप्टनला बोलवा. ती डिश बिलातून काढणं आणि दुसरं ताजं देणं ही रास्त अपेक्षा. सगळ्या टेबलाचं जेवण फुकट मागणं रास्त नाही. मात्र दात तुटला, घसा कापला तर प्रश्न डिशच्या किमतीचा राहत नाही. दवाखान्याचे कागद आणि बिल जपा. शाकाहारी माणसाच्या ताटात मांस आलं तर तेही याच गांभीर्याने घ्या: ताट, केओटीची प्रत, बिल, तिन्हींचे फोटो.

पोट बिघडलं की शेवटच्या जेवणावर आळ जातो आणि तो बऱ्याचदा चुकीचा असतो. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या झाल्या तर विषारी द्रव्य तयार झालेलं अन्न असण्याची शक्यता असते, उदाहरणार्थ बाहेर राहिलेला आणि नंतर परतलेला भात. साल्मोनेला या जिवाणूला मात्र सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून मागच्या तीन दिवसांत काय, कुठे, किती वाजता खाल्लं ते लिहून काढा आणि बरोबर जेवलेल्यांना त्रास झाला का ते विचारा. एकाच पदार्थाने दोघा-तिघांना त्रास झाला असेल तर तक्रारीला वजन येतं.

बिल

बिल वरून खाली वाचा. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. तारांकित हॉटेलात १८ टक्केही असू शकतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने आणि गोव्याचा ३० ने सुरू होतो. क्रमांकच नसेल तर कर लावता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान हॉटेललाही ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, तेव्हा त्याचा हिशोब वेगळा दिसला तर दचकू नका. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही बिलावर हवा. तक्रार करताना तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

सेवा शुल्काबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: ते बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचं नाही, सक्ती करायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला या सूचना कायम ठेवल्या. रक्कम किती होते बघा. जेवण १,२४० रुपयांचं. दहा टक्के सेवा शुल्क १२४, मग १,३६४ वर पाच टक्के कर ६८.२०, एकूण १,४३२.२०. शुल्क काढलं तर १,२४० अधिक ६२, म्हणजे १,३०२. फरक १३० रुपये २० पैशांचा, कारण शुल्कावरही कर बसला होता. "सेवा शुल्क काढून बिल पुन्हा छापा" एवढं एक वाक्य पुरतं. वेटरने मनापासून वाढलं असेल तर टीप रोख त्याच्या हातात द्या.

पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडण जिंकता येत नाही. बसून जेवायच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. बसल्या-बसल्या बाटली उघडून ठेवण्याची पद्धत असेल तर उघडण्याआधीच "साधं पाणी द्या" म्हणा.

हॉटेलाबाहेर

जागेवर सुटलं नाही तर दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. बिल, सेवा शुल्क, फसवणूक यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. अस्वच्छता, शिळं अन्न, किडा, भेसळ यासाठी अन्न व औषध प्रशासन. तक्रारीत हॉटेलचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तारीख, वेळ, बिल क्रमांक, डिश, काय निघालं आणि कॅप्टन काय म्हणाला एवढं लिहा. घरी डब्यात बांधून आणलेलं अन्न पुरावा म्हणून फारसं टिकत नाही. ग्राहकाला अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, पण तसा इरादा विकत घेतानाच हॉटेलला सांगावा लागतो. अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः जाऊन नमुना घेतात, म्हणून तक्रार त्याच दिवशी करा. आठवड्याने गेलेल्या अधिकाऱ्याला ते पातेलं सापडणार नाही.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. तारेने घसा कापला, दवाखान्यात राहावं लागलं अशा प्रकरणांसाठी ही वाट आहे. खारट भाजीसाठी नव्हे.

ऑनलाइन अभिप्राय लिहिणार असाल तर दुसऱ्या दिवशी लिहा. तारीख, जेवणाची वेळ, डिश, काय बिघडलं होतं, कोणाला सांगितलं आणि त्यांनी काय केलं. त्यांनी माफी मागून ताजं करून दिलं असेल तर तेही त्यातच लिहा. वेटरचं नाव घालू नका. भाजी खारट झाली ती आत, आचाऱ्याच्या हातून. वेटरने फक्त ती टेबलापर्यंत आणली.